झेनचे धुके आणि सेवाग्रामची माकडे

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले कापूस पिकवणारे गाव. जपानी कलेविषयीच्या लेखाखाली या गावाचे नाव दिसावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ते नवल का वाटावे, हाच खरे तर प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका विद्यार्थ्याने पदव्युत्तर संशोधनासाठी एक विषय सादर केला होता : वर्धा-नागपूर परिसरातल्या जपानी वस्तू व प्रतिमा आणि इथल्या लोकांनी त्यांना दिलेले अर्थ. सेवाग्रामची तीन माकडे, वर्ध्याचा विश्वशांती स्तूप, वस्त्यांमधल्या विहारांतल्या बुद्धमूर्ती, जुन्या वाड्यांतल्या फरशा अशी त्याची यादी होती. समितीने विषय परत पाठवला. हा समाजशास्त्राचा विषय आहे, कलेचा किंवा साहित्याचा नाही, असे त्याला तोंडी सांगण्यात आले; आणि जपानची इतकीच ओढ असेल तर 'झेन तत्त्वज्ञान आणि मराठी हायकू' हा विषय घ्यावा, असा प्रेमळ सल्लाही मिळाला. समितीचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. तिच्या जागी आपल्यापैकी कोणीही असते तरी हाच सल्ला मिळाला असता. कारण तो व्यक्तींचा नव्हे, आपल्या समीक्षेच्या परिभाषेचा निर्णय होता. त्या परिभाषेशी हे भांडण आहे.

मराठीत 'जपानी कला' हे शब्द उच्चारले की मागोमाग एक ठरावीक शब्दकळा येते : मौन, शून्य, रिक्त अवकाश, क्षण, अपूर्णतेचे सौंदर्य, निसर्गाशी तादात्म्य. या साऱ्यांना एका सूत्रात ओवणारा शब्द म्हणजे झेन. एखाद्या चित्रात बरीच जागा मोकळी असली, कवितेत तीनच ओळी असल्या, नाटकात पात्र बराच वेळ काही बोलले नाही, की झेन. या शब्दाने आकलन सुरू होत नाही, ते थांबते. जिथे पुढचा प्रश्न विचारायला हवा (ही मोकळी जागा कोणी, कशासाठी, कोणत्या साधनांनी सोडली?) तिथे 'झेन' म्हणून आपण डोळे मिटून घेतो. बाराशे-तेराशे वर्षांच्या कलाव्यवहाराला एका मनःस्थितीत आटवणारी ही समीक्षा स्वतःला सारतत्त्ववादाची विरोधक म्हणवते, हे आणखी विशेष. भारतीय कला म्हणजे अध्यात्म, असे कोणी म्हणाले तर आपण लगेच प्राच्यवादाचा दाखला देतो. जपानी कला म्हणजे झेन, असे म्हणताना मात्र तो दाखला कुठल्या कपाटात जातो, कळत नाही.

झेनचे महत्त्व नाकारावे असा याचा अर्थ नाही. शाईचित्रांची परंपरा, चहाचा विधी, वाळू-दगडांची उद्याने यांचा झेन मठांशी घनिष्ठ संबंध आहेच. पण हे मठ म्हणजे जगाकडे पाठ फिरवलेल्या दोन-चार भिक्षूंच्या झोपड्या नव्हत्या. क्योतोचे तेनर्यूजी हे झेन मंदिर उभारण्यासाठी पैसा कमी पडला, तेव्हा १३४२ साली त्यासाठी चीनकडे व्यापारी जहाज पाठवण्यात आले. शाईचित्रांचा थोर आचार्य सेश्शू १४६७ मध्ये चीनला गेला तोही व्यापारी शिष्टमंडळाच्या जहाजातूनच. शून्याची साधना करायलाही जहाज लागते, आणि जहाजाला माल, परवाना व हिशेबनीस लागतो. हा हिशेबनीस आपल्या समीक्षेत कुठेच भेटत नाही.

मग ही धुक्यासारखी प्रतिमा आली कुठून? तिला जन्मतारीख आहे, आणि ती फार जुनी नाही. ललितकला या अर्थी जपानीत आज रूढ असलेला 'बिजुत्सु' हा शब्द १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या तयारीत, जर्मन परिभाषेचे भाषांतर करताना घडवण्यात आला. त्यापूर्वी जपानमध्ये चित्रे होती, मूर्ती होत्या, तलवारी, पडदे, किमोनो, लाखकाम सारे होते. या सर्वांना एका छत्राखाली आणून काहींना आत व काहींना बाहेर बसवणारी संकल्पना नव्हती. १८६८ मध्ये मेइजी सत्तेने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचे फर्मान काढले. त्याच्या लाटेत असंख्य बौद्ध मूर्ती फोडल्या, जाळल्या, विकल्या गेल्या. पुढच्या वीस-तीस वर्षांत तेच राज्य त्याच मूर्तींना राष्ट्राचा वारसा म्हणू लागले. १८८४ मध्ये अमेरिकन अध्यापक फेनोलोसा आणि तरुण अधिकारी ओकाकुरा काकुझो यांनी होर्यूजी मंदिराच्या स्वप्नमंडपातली, कित्येक शतके कापडात गुंडाळून ठेवलेली कान्नोनची मूर्ती उघडायला लावली. जी मूर्ती पाहायचीच नव्हती, ती त्या दिवसापासून पाहण्याची कलाकृती झाली. १८८९ मध्ये टोकियोची ललितकला शाळा सुरू झाली, १८९७ मध्ये जुन्या मंदिरांच्या रक्षणाचा कायदा झाला. आणि जपानी कलेचा पहिला अधिकृत इतिहास? तो १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी लिहिला गेला आणि आधी फ्रेंचमध्ये छापला गेला; जपानी आवृत्ती त्याच्या मागून आली.

पुढचे टप्पेही पाहावेत. ओकाकुराने 'आयडियल्स ऑफ द ईस्ट' इंग्रजीत लिहिले. १९०१-०२ मध्ये तो भारतात होता, कलकत्त्यात त्याच्या मजकुरावर भगिनी निवेदितांचा हात फिरला, आणि १९०३ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह ते लंडनहून प्रसिद्ध झाले. चहावरचे त्याचे पुस्तक १९०६ मध्ये, तेही इंग्रजीत. सुझुकी दाइसेत्सुंचे झेन आणि जपानी संस्कृतीवरचे ग्रंथलेखन १९३८ मध्ये, पुन्हा इंग्रजीतच. ज्या चार ग्रंथांतून जपानी कलेचे 'सत्त्व' जगाला समजले, त्यांतल्या एकाचाही पहिला वाचक जपानी नव्हता. हे सत्त्व निर्यातीसाठी बांधलेल्या गाठोड्यातून आले. त्यात लबाडी होती असे नव्हे. पाश्चात्त्य साम्राज्यांपुढे स्वतःचे स्थान मागणाऱ्या राष्ट्राची ती गरज होती. परंतु गाठोड्यालाच कोठार समजणे ही समजणाऱ्याची चूक असते.

त्या गाठोड्याचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. आशियाच्या एकत्वाची ओकाकुराची कल्पना १९३० नंतरच्या दशकात जपानी साम्राज्याच्या विस्ताराची घोषणा बनली. त्याचाच शिष्य योकोयामा ताइकान १९०३ मध्ये कलकत्त्यात अवनींद्रनाथांच्या घरी येऊन गेला होता, आणि बंगाली चित्रकलेतले पाण्याने भिजवलेले, धूसर रंगलेपन ज्यांच्यामुळे आले त्यांत त्याची गणना होते. या ताइकानने १९४० मध्ये समुद्र व फुजी पर्वत यांची वीस चित्रे काढली, विकली आणि आलेले पैसे लष्कर व नौदलाला विमानांसाठी दिले. फुजीभोवतीचे धुके सुंदर आहे. त्याच धुक्यातून विमाने उडाली, हेही त्या चित्रांच्या इतिहासात आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही माहीत असलेले जपानी शिल्प कोणते, असे विचारले तर उत्तर एकच : तीन माकडे. सेवाग्रामच्या बापूकुटीत ती पाहायला मिळतात. चिनी पाहुण्यांनी ती गांधीजींना दिली, असे सांगितले जाते. त्यांचे मूळ रूप सर्वांत प्रसिद्ध आहे ते निक्कोच्या तोशोगू मंदिरात. तोकुगावा घराण्याच्या मूळ पुरुषाचे, इएयासूचे, हे समाधिस्थान. त्याच्या नातवाने ते १६३६ मध्ये थाटामाटाने नव्याने बांधवले. माकडे आहेत ती गाभाऱ्यात नाहीत, तबेल्यावर आहेत. माकड घोड्याला रोगराईपासून राखते, असा समज होता. म्हणून पवित्र घोड्याच्या तबेल्यावर माकडांच्या आयुष्याचे आठ फलक कोरले गेले. जन्मापासून संसारापर्यंतची ही मालिका आहे आणि आपली तीन माकडे त्यातल्या दुसऱ्या फलकावर, बालपणाच्या टप्प्यावर बसली आहेत. लहान लेकराच्या कानाडोळ्यांवर नको ते पडू नये, इतकाच त्या फलकाचा भाव.

पण माकडांची खरी वस्ती निक्कोतही नाही. ती जपानभर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कोशिन दगडांवर आहे. माणसाच्या देहात तीन किडे राहतात. दर साठ दिवसांनी येणाऱ्या एका रात्री, माणूस झोपला की ते बाहेर पडतात आणि त्याच्या पापांची खबर स्वर्गात पोचवतात, अशी ही चीनमधून आलेली समजूत. उपाय सोपा : त्या रात्री झोपायचेच नाही. गावाने एकत्र बसायचे, खायचे-प्यायचे, गप्पा मारायच्या. आपल्याकडच्या जागरणाहून हे फार वेगळे नाही. अशा जागरणांची मंडळे दगड उभारीत आणि त्यांवर तीन माकडे कोरीत : किड्यांनो, पाहू नका, ऐकू नका, बोलू नका. शिवाय त्यात एक शाब्दिक कोटी आहे. जपानीत माकडाला 'सारू' म्हणतात आणि क्रियापदाला लागणारा जुना नकारार्थी प्रत्यय 'झारू' आहे. मिझारू, किकाझारू, इवाझारू. कोटीतून मूर्ती जन्मली. या शब्दांत 'वाईट' असे काहीही नाही. फक्त न पाहणे, न ऐकणे, न बोलणे आहे.

सेवाग्रामला येईपर्यंत या वस्तूने किती अर्थ पालटले! किड्यांना चकवणारी, तबेला राखणारी, लेकराला जपणारी माकडे इथे सत्याग्रही झाली. अर्थाच्या स्थलांतराचा इतका स्वच्छ नमुना कोणत्याही चिन्हमीमांसकाला हेवा वाटावा असा आहे. तरी मराठी समीक्षेने त्यावर गंभीरपणे लिहिलेले फारसे आढळत नाही. कारण उघड आहे. ही माकडे झेनच्या चौकटीत बसत नाहीत. निक्कोचे मंदिर सोन्याने, लाल-हिरव्या-निळ्या रंगांनी, ड्रॅगनांनी व फुलांनी ओसंडणारे आहे. तिथे चौरस हातभर जागा मोकळी सापडायची नाही. १९३३ मध्ये जपानला आलेल्या ब्रुनो टाऊट या जर्मन वास्तुविशारदाने कात्सुराचा राजप्रासाद व इसेचे मंदिर यांना खरे जपानी ठरवले आणि निक्कोला दिखाऊ म्हणून बाद केले. आधुनिकतावादी युरोपाला जपानमध्ये स्वतःचाच आरसा हवा होता. कात्सुराच्या रेषांत तो मिळाला, निक्कोत मिळाला नाही. आपण ती अभिरुची तशीच्या तशी उचलली आणि तिला पौर्वात्य दृष्टी असे नाव दिले.

हायकूचे असेच झाले आहे. शिरीष पै यांनी १९७० नंतरच्या दशकात मराठीत हायकू आणला, तो इंग्रजी वाचनाच्या वाटेने. आणि त्यांनी त्याला मराठीचा श्वास दिला, याबद्दल वाद नाही. वाद समीक्षेशी आहे. ती हायकूला आजही एकट्या मनाचा एकटा क्षण मानते आणि हा क्षणवाद थेट बाशोच्या नावावर जमा करते. बाशो (१६४४–१६९४) हा हाइकाइ-साखळ्यांचा आचार्य होता. चार-सहा जण बैठकीला बसत. एकाने सतरा मात्रांची सुरुवात करायची, दुसऱ्याने चौदा मात्रांची जोड द्यायची, तिसऱ्याने आधीच्या कडव्याला धरून पण त्याच्या आधीच्यापासून सुटून पुढे जायचे. छत्तीस कडव्यांच्या साखळीत चंद्र कुठे यावा, फुलोरा कुठे यावा, याच्या जागा ठरलेल्या. एक जण लिहून घेणारा, एक जण न्यायनिवाडा करणारा. एदो शहरात बाशोची उपजीविका काही काळ इतरांच्या कडव्यांना गुण देण्यावर चालत असे. ज्याला आपण हायकू म्हणतो, ते या साखळीचे पहिले कडवे. ते साखळीतून तोडून स्वतंत्र काव्यप्रकार म्हणून 'हायकू' हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी याने, १८९० नंतरच्या दशकात. आणि साखळीला त्याने साहित्य मानायलाच नकार दिला. म्हणजे आपल्या हायकूचा कालातीत क्षण हा रेल्वे आणि वर्तमानपत्रांच्या युगातला आहे.

हे कळले असते, तर मराठी समीक्षेला तुलनेसाठी लांब जावे लागले नसते. कलगी-तुऱ्याचा फड, त्यातले भेदिक सवाल, त्याच वजनात बांधलेले जबाब, हार-जीत ठरवणारे जाणते श्रोते : बाशोच्या बैठकीचा सख्खा भाऊ इथे विदर्भात आहे. अल्लीपूरसारख्या गावांत अशा फडांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे अजून भेटतात. त्यांच्याकडे वही घेऊन बसणारा विद्यार्थी हायकूविषयी जे शिकेल, ते 'क्षणानुभूती' या शब्दाची शंभर पारायणे करून कळणार नाही. पण फड म्हणजे लोककला, हायकू म्हणजे कला. ही भिंत आपणच घातलेली आहे.

याच ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. तुम्ही कलेचा इतिहास सांगता, तिचे अर्थकारण सांगता. परंतु कलाकृतीसमोर उभे राहिल्यावर जो अनुभव येतो, त्याचे काय? मर्ढेकरांपासूनची आपली सौंदर्यमीमांसा तो अनुभव स्वायत्त मानते. बाशोच्या ओळी वाचून कोणी स्तब्ध झाला, तर त्याला गुण देण्याच्या धंद्याची माहिती देऊन काय साधते? उत्तर असे की, अनुभव नाकारायचा नाही, त्याचा तपशील वाढवायचा आहे. होकुसाइच्या लाटेतला निळा पाहून जो थरारतो, त्याला तो निळा बर्लिनमध्ये शोधलेला रासायनिक रंग आहे, नागासाकीच्या बंदरातून आला आणि १८३० च्या सुमारास स्वस्त झाला म्हणून ती चित्रमालिका तशी छापता आली, हे समजले तर थरार कमी होत नाही. निळा अधिक निळा दिसतो. त्या छापाला चित्रकार, कोरक्या, छापणारा आणि पैसा घालणारा प्रकाशक असे चार जण लागत. सरकारी तपासनिसाचा शिक्का लागे. उतामारोला १८०४ मध्ये हिदेयोशीच्या चित्रांपायी हातांत बेड्या पडल्या. या हातांकडे पाहायला शिकवणारा मराठीत कोणी झालाच नाही, असेही नाही. विदर्भातलेच द. ग. गोडसे यांनी 'पोत' (१९६३) लिहून, काळाचे पोत वस्तूच्या घडणीतून वाचायचे कसे, हे दाखवून ठेवले आहे. आपण त्यांचा गौरव केला आणि वाट सोडली.

गायतोंड्यांबाबत आपण हेच केले. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराला झेनची ओढ होती, हे सर्वज्ञात आहे. पण 'झेन' म्हटल्यावर त्यांच्या हातातला रोलर, रंग खरवडणारी सुरी, ओल्या रंगावर ठेवून उचललेले कागदाचे तुकडे, थरावर थर सुकवण्यात गेलेले महिने यांच्याविषयी बोलण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा शीर्षकात 'प्रक्रिया' हा शब्द घालावा असे तिथल्या लोकांना वाटले.

मात्र सर्वांत महाग पडलेली चूक दुसरीच आहे : नक्कल या गोष्टीचे आपल्याला असलेले वावडे. साठोत्तरी काळापासून देशीयतेच्या चर्चेत 'अनुकरण' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. जपानी कलेचा इतिहास वाचायचा तर हा शब्द आधी धुऊन घ्यावा लागतो. इसेचे मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे पुन्हा बांधले जाते; २०१३ चे बांधकाम बासष्टावे. लाकूड नवे, मंदिर तेच. जपून ठेवला जातो तो सुताराचा हात.

या नक्कलेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो, आणि तो कलेच्या इतिहासातला अत्यंत करुण धागा आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल याने केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी १८७२ पासून हिवाळ्यांमागून हिवाळे अजिंठ्यात बसले. त्यांच्या कितीतरी प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये कलकत्त्याला आलेला आराई काम्पो १९१७-१८ मध्ये सहकाऱ्यांसह अजिंठ्यात राहिला, जपानी कागदावर त्याने प्रती उतरवल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात पोचल्या आणि १९२३ च्या भूकंपात जळाल्या. हाच काम्पो १९४० मध्ये होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या प्रती करणाऱ्या चार पथकप्रमुखांत होता. होर्यूजीच्या बोधिसत्त्वांचे आणि अजिंठ्याच्या पद्मपाणीचे नाते जपानी अभ्यासकांनी ओळखले होते; म्हणून अजिंठ्यात हात बसलेला माणूस तिथे हवा होता. काम्पो १९४५ मध्ये वारला. २६ जानेवारी १९४९ रोजी, नकलांचे काम चालू असतानाच, होर्यूजीच्या सुवर्णमंडपाला आग लागली आणि मूळ चित्रेच करपली. तेराशे वर्षांची चित्रे गेली तेव्हा अर्ध्या-मुर्ध्या नकला आणि आधी घेतलेली छायाचित्रे उरली. त्या धक्क्यातून १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक वारसा रक्षणाचा कायदा केला आणि त्यात इमारती-चित्रांच्या बरोबरीने कारागिराच्या कौशल्यालाही वारसा मानले.

जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांना आपण काय म्हटले? इंग्रजांचे नकलाकार. त्यांच्या आणि काम्पोच्या कामातले साम्य एकाही मराठी ग्रंथाने मुख्य विषय म्हणून मांडलेले माझ्या वाचनात नाही. मुंबईची शाळा पाश्चात्त्य वळणाची व बंगालची शाळा पौर्वात्य वळणाची, ही जुनी विभागणी आपण अजून गिरवतो. अजिंठ्याच्या अंधारात दिवा धरून रेघ उतरवणाऱ्या दोन्हीकडच्या हातांना या विभागणीचा पत्ताच नव्हता.

विद्यार्थ्याच्या यादीत जुन्या फरशा होत्या, हे वर आले आहे. त्यांची कथा अशी. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. १९२०-३० च्या दशकांत जपानी कारखान्यांनी याच देवतांची उठावदार, चकचकीत फरश्यांवर नक्कल केली आणि त्या फरशा भारतात विकल्या. मुंबईतल्या, गुजरातेतल्या, चेट्टीनाडच्या घरांच्या भिंतींवर त्या बसल्या. केरळच्या चित्रकाराची, जर्मन यंत्रावर छापलेली, महाराष्ट्रातून निघालेली लक्ष्मी जपानी भट्टीत भाजून देवघराशेजारी परत आली. यात रिक्त अवकाश नाही, मौन नाही. म्हणून हे जपानी नाही?

आणि कापूस. १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठी. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर त्याही आधीपासून बाजारात होते. १९३३ च्या जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावर ७५ टक्के जकात लादली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. तो उठला १९३४ च्या जानेवारीत, अमुक इतके कापड घ्या तर दहा लाख गाठी कापूस घेऊ, अशा करारानंतर. बहिष्काराच्या ऐन मध्यात, ४ ऑक्टोबर १९३३ रोजी, निप्पोनझान म्योहोजी पंथाचे भिक्षू फुजी निचिदात्सु वर्ध्याला गांधीजींना भेटले. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा त्यांचा घोष आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि राहिला. त्यांच्या संकल्पातून गीताई मंदिराजवळचा पांढरा स्तूप पुढे उभा राहिला. ज्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या कापसाला जपानने नाही म्हटले, त्याच वर्षी जपानी ढोल वर्ध्यात वाजला. या दोन घटनांत कार्यकारण जोडण्याचा मोह मी टाळतो. पण एक घटना कलेच्या व संस्कृतीच्या इतिहासात आणि दुसरी बाजाराच्या इतिहासात, अशी वाटणी करून देणारे आपण कोण?

शेवटी विहारांचा प्रश्न. समिती अडखळली ती इथेच, असा माझा संशय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर विदर्भातल्या वस्त्या-वस्त्यांत बुद्धमूर्ती आली. बहुतेक मूर्ती इथल्याच; काही जपान, थायलंडहून भेट आलेल्या. कामठीला १९९९ मध्ये नोरिको ओगावा या जपानी उपासिकेच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस मंदिर उभे राहिले. तिथली काष्ठमूर्ती जपानहून आली. जपानी काष्ठशिल्पाला हजार वर्षांवरचा इतिहास आहे. १०५३ मध्ये ब्योदोइन मंदिरातल्या अमिताभाच्या मूर्तीसाठी जोचो या शिल्पकाराने अनेक ठोकळे जोडून मोठी मूर्ती घडवण्याचे तंत्र पूर्णत्वाला नेले, त्यामुळे कार्यशाळेत कामाची वाटणी शक्य झाली. असे शिल्प दीक्षाभूमीपासून तासाभराच्या आत पाहता येते. तरीही सौंदर्यशास्त्राच्या वर्गात जपानी मूर्तिकला शिकवायची तर आपण पुस्तकातली छायाचित्रे दाखवतो. झेन चालते, जपानी बुद्धासमोर हात जोडणारी बाई चालत नाही. अभिरुचीला जात नसते, असे म्हणणाऱ्यांनी या निवडीचे स्पष्टीकरण द्यावे.

जपानी कलेच्या इतिहासाचे पहिले पानसुद्धा इथे आठवते. 'निहोन शोकी' या ७२० मध्ये पूर्ण झालेल्या बखरीनुसार, ५५२ साली कोरियातल्या बेक्जेच्या राजाने यामातोच्या दरबाराला सोनेरी बुद्धमूर्ती पाठवली. ती ठेवावी की नाही, यावर घराण्या-घराण्यांत तंटा झाला. सोगांनी ती आपल्या घरी बसवली. साथ आली, परक्या देवाने ती आणली असे विरोधकांनी म्हटले आणि मूर्ती नानिवाच्या कालव्यात फेकून दिली. जपानी कला मौनातून नव्हे, मूर्ती कुठे बसवू द्यायची या भांडणातून सुरू होते. हे भांडण कसे असते, ते समजण्यासाठी आमच्या भागातल्या माणसाला टीपांची गरज पडत नाही.

विद्यार्थ्याने अखेर सुचवलेलाच विषय घेतला. प्रबंध मंजूर झाला. झेनविषयीच्या प्रकरणात त्याने सगळे अपेक्षित शब्द अपेक्षित ठिकाणी लिहिले आहेत. परत आलेल्या विषयाची वही त्याने माझ्याकडे ठेवली आहे. तिच्यात सतरा विहारांची टिपणे आहेत : मूर्तीची उंची, द्रव्य, कोणी दिली, कधी बसवली, मिरवणूक कोणत्या रस्त्याने निघाली आणि कोणत्या रस्त्याने जाऊ दिली गेली नाही. एका पानावर तीन माकडांचे पेन्सिलचित्र आहे आणि त्याखाली प्रश्न लिहिला आहे, तबेल्यातला घोडा कुठे गेला? पुढची पाने कोरी आहेत. त्यांना कोणी रिक्त अवकाश म्हणू नये.